पट्टीवरचे नाव

ईशानने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला फोनवर एका शब्दात देता आले असते. पण मीराने मध्येच सांगितले की आजी, तू तुझ्या अकोल्याच्या दिवसांचे लिहितेच आहेस, तर हेही त्यात लिही. म्हणून हे प्रकरण. प्रश्न असा होता की माझ्या काचेच्या कपाटात, चांदीचा करंडा आणि तुमच्या आजोबांचा चष्मा यांच्या मध्ये ठेवलेला तळहाताएवढा गोल्फचा व्हिडिओ गेम विकायचा का. व्हिडिओ कॉलवर तो माझ्या खांद्यामागे दिसला आणि ईशान खुर्चीतून ताडकन उठला. मला वाटले, माझ्या मागच्या भिंतीवर पाल आली असावी. मग कळले की असे जुने खेळ जमवणारी मोठमोठी माणसे तुमच्या तिकडे परदेशात आहेत. त्या काळी मुलांना उड्या मारण्याचे आणि गोळ्या झाडण्याचे खेळ आवडत, गोल्फचा फारसा कोणी घेत नसे, आणि नेमके म्हणून आज तो दुर्मीळ झाला आहे. न खपलेल्या मालाला चाळीस वर्षांनी भाव येतो, हे फुलांच्या धंद्यात वाढलेल्या बाईला पटायला वेळ लागला. आमचा माल संध्याकाळी न खपला तर सकाळी गाईपुढे जात असे.

ईशानच्या सांगण्याप्रमाणे मी खिडकीशी टेबल ओढून गेमचे सर्व बाजूंनी फोटो काढले. त्याने खोका आहे का विचारले, होता. आतला पांढरा फोम होता. माहितीपुस्तिका होती, तिला खाकी कव्हर आणि कव्हरवर लेबल होते. ‘खाऊ नये’ असे लिहिलेली, ओल शोषणारी ती लहानशी पुडीसुद्धा होती. ईशान म्हणाला, “आजी, तू यासाठीच जन्मली आहेस.” त्याने त्या जमवणाऱ्यांपैकी एका गृहस्थांना फोटो पाठवले, आणि त्यांनी जी किंमत सांगितली त्यात माझे अमरावतीहून तुमच्याकडे जाण्यायेण्याचे तिकीट निघाले असते, शिवाय लोणच्याच्या बरण्यांचे जादा वजनही. मग त्यांनी समोरच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहिला आणि किंमत कोसळली. धातूच्या पट्टीवर कोणीतरी ओरखडे काढले आहेत, असे त्यांनी कळवले. मात्र उपाय होता. त्यांच्या ओळखीचा एक कारागीर पट्टी घासून कोरी करू शकत होता. मग पहिली किंमत पुन्हा लागू. ईशानने विचारले, “काढून टाकू या का, आजी?” मी म्हटले, सांगते. तर आता सांगते.

आमचे घर अकोल्याला फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत होते. बाबांची, म्हणजे शामराव राऊतांची, पातूरच्या वाटेवर थोडी फुलशेती होती आणि बाजारात हारांचे दुकान होते. पहाटे बाबा ओल्या पोत्यांत बांधलेला झेंडू घेऊन येत, पोती अंगणात धप्पकन पडत, आणि त्या आवाजाने आमची झोप मोडे. मग बाजारातून हर्रासाचा गलका सुरू होई. सर्वांत चढी बोली लावणारा माल उचलून नेई, हा जगाचा नियम आम्ही पाळण्यात ऐकला. घरात आई, मी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ विनोद, आणि बाबांची थोरली बहीण आत्याबाई. आत्याबाई तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या आणि हार ओवण्याचे सगळे काम त्यांच्या हुकमतीत चाले. ओसरीवर चटई टाकून त्या आणि आई समोरासमोर बसत. झेंडूच्या देठातून सुई जाताना एक बारीक करकर आवाज येतो. तो मला आजही कुठे ऐकू आला तर भूक लागते, कारण त्या आवाजासोबतच चुलीवर भाकरी फुगत असे. लग्नसराईत आईला स्वयंपाकाला उसंत नसे. मग जवसाची चटणी, कांदा आणि भाकर. पण सराईतला एखादा दिवस रिकामा मिळाला की पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी होई, इतकी तिखट की विनोद प्रत्येक घासाला पाणी पिई आणि तरीही ताट पुढे करी.

अशा घरातली मुलगी इंग्रजी शाळेत का गेली, हे तुम्ही मला बऱ्याचदा विचारले आहे. त्याचे कारण मोठे उदात्त नाही. बाबांनी एकदा कुठून तरी परदेशी फुलांच्या बियांची पाकिटे आणली. पाकिटांवर सगळे इंग्रजीत. कोणालाच वाचता येईना, म्हणून त्यांनी अंदाजाने भर उन्हाळ्यात बी पेरले. पाकिटावर थंडीत पेरा असे लिहिले होते, हे नंतर पोस्टमास्तरांनी सांगितले. अकोल्याच्या उन्हाने त्या बियांचे काय केले हे सांगायला नको. त्याच आठवड्यात बाबांनी जाहीर केले की घरात एक तरी माणूस पाकिटावरचे वाचणारे पाहिजे, आणि शाळेत जाण्याच्या वयाची तेव्हा मीच होते. विनोदच्या वेळेपर्यंत त्यांची गरज भागली होती, म्हणून तो मराठी शाळेत गेला. तो हे अजून मला ऐकवतो.

माझा मामा मस्कतला वीजतंत्री होता. मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाले त्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला. त्याच्या बॅगेतून साबण, पावडरचे डबे, बाबांना विजेरी आणि आईला नखे कापायचे यंत्र निघाले. हे यंत्र आईने पुढे वर्षानुवर्षे दोरा कापायला वापरले. शेवटी खोका निघाला. “हे मुलांले,” एवढे बोलून मामा पाटोडी जेवला आणि नांदगाव खंडेश्वरला आपल्या घरी निघून गेला. तिथून तो परस्पर मुंबईला आणि मस्कतला. मुलांले म्हणजे कोणाले, हे विचारायला कोणी उरले नाही.

खोक्यात दोन गुंड्या, रुपेरी पट्टी आणि काड्यापेटीएवढी काच. काचेत एक काळा माणूस हातात काठी घेऊन उभा. गुंडी दाबली की तो काठी फिरवी, टुंग असा आवाज होई आणि ठिपक्याएवढा चेंडू उडे. अकोल्यात तोवर गोल्फ कोणी पाहिलेला नव्हता. मीही नाही; मला तो शब्द शब्दकोशापुरता ठाऊक होता. मी पुस्तिका वाचून घरादाराला समजावले की हे मोठे मैदान आहे, त्यावर सगळीकडे मऊ गवत असते, दूर एक खड्डा असतो आणि चेंडू त्यात घालायचा. आत्याबाईंनी काच डोळ्यांजवळ नेली.

“येवढं गवत,” त्या म्हणाल्या, “अन् एक बी ढोर नाई?”

शेजारच्या बायकांनीही तो खेळ येऊन पाहिला. एकीचे मत पडले की त्या माणसाचे काहीतरी हरवले असावे, म्हणून बिचारा काठीने शोधतो आहे. दुसरीने विचारले, चेंडू हातात घेऊन चालत जाऊन खड्ड्यात टाकला तर कोणी रागावते का. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला पुस्तिकेत सापडले नाही आणि आजवर कुठेही सापडलेले नाही. विनोदला मात्र काही समजून घ्यायचे नव्हते. तो गुंडी दाबी आणि टुंग टुंग करत अर्धी दुपार संपवी. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे त्याचे काम माझ्याकडे आले होते.

आठवड्याच्या आत भांडण उभे राहिले, आणि ते नावावरून. आमच्या घरातली कोणतीही वस्तू बिननावाची नसे. टोपल्या, कात्र्या, घंगाळी, परात, सगळे लग्नघरी जाई आणि दहा घरच्या सामानात मिसळे. म्हणून वस्तू आली की भांडेबाजारात नेऊन तिच्यावर नाव घालायचे, हा बाबांचा नियम. ज्याचे नाव, त्याची वस्तू. मग त्यावर वाद नाही. आईच्या भांड्यांवर सौभाग्यवती लिहिलेले, बाकीच्यांवर बाबांचे, आणि विनोदच्या बारशात आलेल्या पेल्यावाट्यांवर विनोदचे. माझे नाव कशावरच नव्हते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. मुलींची नावे भांड्यांवर लग्नात पडत, आणि पडत ती बदललेली. मी तोवर कधी त्याचा विचारही केला नव्हता. पण बाबा म्हणाले, “या गोल्फवर नाव घालून आनतो,” आणि आत्याबाई सहज म्हणाल्या, “विनोदचंच घाला. पोरगी उद्या लगन करून जाईन, हे का आंदन द्याची वस्तू आहे?” तेव्हा मी मध्ये पडले. मला तो खेळ किती हवा होता ते मला सांगता येणार नाही. ते नाव मात्र हवे होते. मी म्हणाले, मामाने मी पास झाल्यावर आणला आहे. विनोद म्हणाला, मामाने मुलांले म्हटले. बाबांनी दोघांकडे पाहिले आणि बाजारातल्या माणसासारखा तोडगा काढला. दोघांनी सगळ्यांसमोर एकेक डाव खेळायचा. जो जिंकेल त्याचे नाव.

डाव जेवणानंतर ओसरीवर झाला. आई आणि आत्याबाईंच्या सुया चालूच होत्या, दोन शेजारणी उंबऱ्यात, बाबा खांबाला टेकून. आधी विनोद. त्याने चेंडू वाळूत घातला, पाण्यात घातला, खड्ड्याच्या अलीकडून मारून पलीकडे घालवला आणि पुन्हा अलीकडे आणला. प्रत्येक टोल्याला काचेतला आकडा वाढे, आणि आकडा वाढला की उंबऱ्यातून कौतुकाचा सूर येई. मग मी. मी पुस्तिका तीनदा वाचली होती. कुठे जोर लावायचा आणि कुठे हात आखडायचा हे मला माहीत होते. माझ्या डावात पाहण्यासारखे काहीच नव्हते. टुंग, चेंडू गवतात, टुंग, खड्ड्याजवळ, हलकेच एक, आत. शेवटी आकडे वाचले तेव्हा विनोदचा माझ्या जवळजवळ दुप्पट होता.

आत्याबाईंनी सुई ठेवून त्याची दृष्ट काढून आपल्या कानशिलावर बोटे मोडली. “पोट्ट्यानं दुप्पट केले,” त्या म्हणाल्या.

मी म्हटले, जिंकले मी आहे. या खेळात ज्याचे टोले कमी तो जिंकतो. ओसरीवर हसू पसरले. विनोदला तर ठसका लागेपर्यंत हसू आले. मी पुस्तिका आणली, ती ओळ बोटाने दाखवली, इंग्रजीत वाचली आणि मराठीत सांगितली. आत्याबाईंनी मान हलवली. त्या रागावल्या नव्हत्या, हे आणखी वाईट होते.

“कमी बोलीवाला कदी माल नेते का व?” त्या म्हणाल्या. “अन् इंग्रजी घरात तुले एकटीलेच येते. तू म्हनशीन ते त्यात लिवलेलं.”

मी बाबांकडे पाहिले. पाकिटावरचे वाचण्यासाठी ज्यांनी मला शाळेत घातले, ते बाबा. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, उलटसुलट केली, आणि विनोदचा आकडा पुन्हा विचारला. हर्रासात वाढलेल्या माणसाला कमी आकड्याचा विजय गळी उतरत नव्हता, हे आज मला समजते. तेव्हा मला एवढेच कळले की मी वाचलेले माझ्या घरात खरे धरले जात नाही. खेळ गेला तर गेला, पण मग सायकल दामटत इतकी वर्षे त्या शाळेत मी कशासाठी गेले.

तेवढ्यात आई बोलली. आई आत्याबाईंसमोर सहसा बोलत नसे, आणि बोलली तेव्हाही तिने हारावरून नजर उचलली नाही.

“बाई,” ती म्हणाली, “कालच्या नवरदेवाच्या हाराले माह्यापेक्षा तुमाले फुलं कमी लागले ना?”

“कमीच लागतीन,” आत्याबाई म्हणाल्या. “तुह्यावाला हार टोपलं खाते. माह्यावाला निम्म्यात भरून दिसते.”

“मंग आपल्या दोघीत हुशार कोन?”

उंबऱ्यातल्या शेजारणी आळीपाळीने दोघींकडे पाहू लागल्या. कमी फुलांत हार भरायचा, हीच तर आत्याबाईंची साऱ्या बाजारात ख्याती होती. त्या स्वतःच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांनी सुई उचलली, एक फूल ओवले, ते सरकवून नीट बसवले.

“असं पयलेच सांगाव ना पोरीनं,” त्या शेवटी म्हणाल्या. “गवत न् वाळू न् काय काय सांगत बसली.”

बाबा मोठ्याने हसले. त्यांनी पुस्तिका माझ्याकडे परत दिली. देताना ती दोन्ही हातांनी दिली, एवढे मला आठवते. विनोद तेवढा रुसून अंगणात गेला. आज त्याची पातूर रस्त्यावर मोठी रोपवाटिका आहे, नातू आहेत, आणि अजूनही कोणी विचारले तर तो सांगतो की त्या डावात आकडा त्याचाच मोठा होता. खोटे नाही ते.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी भांडेबाजारात गेलो. बाबांनी गेम सवयीने ओल्या फडक्यात गुंडाळून घेतला होता. मी वाटेतच तो सोडवून घेतला, ओढणीने पुसला आणि आतल्या बॅटऱ्या काढून रुमालात बांधल्या. भांड्यांवर नावे घालणाऱ्या रहीमचाचांचे दुकान म्हणजे एक लाकडी खोके आणि विजेवर चालणारी सुई. समोर पितळी घागरींची रांग. त्यांनी आमची वस्तू हातात घेऊन झाकण शोधले.

“शामरावभाऊ, ये कौनसा डब्बा है? खुलता किधर से?”

बाबांनी त्यांना थोडक्यात समजावले, म्हणजे तो विलायती विटीदांडू आहे असे सांगितले. रहीमचाचांनी हात मागे घेतला. अंदर बिजली है, मैं नहीं छूता, असे त्यांचे म्हणणे. बाबा म्हणाले, वर नाव घालायचे आहे, आत नाही. पुष्कळ बोलणे झाले, चहा झाला. पाठ प्लॅस्टिकची, तिथे सुई लावली तर वितळेल. म्हणजे उरली समोरची रुपेरी पट्टी, काचेच्या अगदी वर. त्यांनी दोऱ्याने पट्टी मोजली आणि माझे नाव विचारले. मी पूर्ण नाव सांगितले, कुमारी मंदाकिनी शामराव राऊत. त्यांनी दोऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. एवढे बसणार नाही. एक शब्द गाळावा लागेल. मला वाटले मंदाकिनीचे मंदा होईल. मुलींच्या नावांचे तसे व्हायचेच.

“माहं काढा,” बाबा म्हणाले.

रहीमचाचा म्हणाले, बापाचे नाव काढून कसे चालेल, मुलगी कोणाची हे कसे कळणार.

“मले बजारात कोन ओळखत नाई?” बाबा म्हणाले. “तिचं पुरं लिवा.”

सुई सुरू झाली. बर्र असा आवाज आणि बारीक रुपेरी भुगा. एकेका ठिपक्याने अक्षर उमटत होते. बाबांनी डोळे मिटून घेतले होते; मी मिटले नाहीत, मला प्रत्येक काना आणि वेलांटी पाहायची होती. नाव पट्टीच्या वरच्या कडेला आले. खाली बोटभर जागा मोकळी राहिली. ती मुद्दाम ठेवली आहे, रहीमचाचांनी सांगितले. शादी के बाद काम आयेगी. मी बॅटऱ्या बसवल्या आणि गुंडी दाबली. काही झाले नाही. पुन्हा दाबली. काळा माणूस उगवला, त्याने काठी फिरवली, टुंग. बाबांनी डोळे उघडले आणि रहीमचाचांना आणखी एक चहा मागवला.

पुढे लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा सोबत पुष्कळ भांडी आली, सगळ्यांवर सौभाग्यवती आणि नवे नाव. तो सुंदर, मोठा संसार झाला. त्या नावाबद्दल माझी तक्रार नाही. सासूबाईंनी एकदा सुचवले की त्या खेळावर खाली जागा आहे, तिथेही घालून घे. मी म्हटले, घालू सवडीने. ती सवड मला कधी झाली नाही, आणि मी किती व्यवस्थित बाई आहे हे तुम्ही जाणता. तुमचे आजोबा फक्त हसले. ते माझ्याशी तो खेळ जन्मभर खेळले आणि कधी जिंकले नाहीत, तरी आपला आकडा मोठा आहे एवढे समाधान त्यांनी विनोदकडून उसने घेतले होते.

तेव्हा ईशान, उत्तर असे. घासायचे नाही, विकायचे नाही. त्या गृहस्थांचे चूक नाही. त्यांना देवनागरी येत नाही, म्हणून त्यांना ओरखडे दिसले. आमच्या घरालाही एके काळी हाच त्रास झाला आहे, माणसाला वाचता येत नसले की पाकिटावरचे काहीही वाटू शकते. मात्र खालची बोटभर जागा अजून तशीच आहे. अकोल्याच्या भांडेबाजारात आता रहीमचाचांचा नातू बसतो, सुई नवी आहे, हात आजोबांसारखाच. दिवाळीला दोघे याल तेव्हा ओसरी नसली तरी गच्चीवर चटई टाकू, तुमच्या विनोदआजोबांना अकोल्याहून बोलावू आणि दोघांचा एकेक डाव लावू; जो जिंकेल त्याचे नाव खाली. मीरा, तू शांतपणे खेळ. ईशान, तू फार जोरात मारतोस, हे तुला आधीच सांगून ठेवते, नंतर आजीने सांगितले नाही म्हणू नकोस. बॅटऱ्या इकडे घड्याळवाल्याकडे मिळतात, त्या मी आणून ठेवीन. आणि त्या गृहस्थांना माझा नमस्कार कळव. म्हणावे, पट्टीवर आणखी एक ओरखडा येणार आहे. किंमत अजून थोडी उतरवून धरा.